अनुभव धागा: नर्सिंगच्या लायसन्स परीक्षेचा अभ्यास तुम्ही कसा केलात?

सिस्टर_आत्या (इंदूर): काल रात्री डॅलसहून भाचीचा फोन. लग्नानंतर तिथेच प्रॅक्टिकल नर्सिंगचा कोर्स केला, आता तिथली लायसन्सची परीक्षा, एनक्लेक्स-पीएन, तोंडावर आलीय. सलाईनचं गणित अडलं होतं: १००० मिली, ८ तास, मिलीला १५ थेंबांचा सेट. मी तोंडीच सांगितलं, मिनिटाला ३१. मग तिने पुढचा प्रश्न वाचला. चार पेशंट, आधी कोणाकडे जाल? माझ्या सगळ्या नाईट ड्युट्या डोळ्यांपुढे आल्या. एकटी सिस्टर, अख्खा वॉर्ड, आणि रोज रात्री हाच प्रश्न. आमच्या मोठ्या सिस्टर म्हणायच्या, जो ओरडतोय तो निदान श्वास घेतोय, गप्प पडलेल्याकडे आधी बघ. ज्यांनी परीक्षा दिलीय त्यांनी लिहा ना, तिला वाचून दाखवते.

रामबागची_लेक: आत्या, माझा कॉम्प्युटर ८५ प्रश्नांनाच बंद झाला 😭 पास का नापास, काही कळत नाही तेव्हा. किमान ८५, जास्तीत जास्त १५०, वेळ ५ तास. बरोबर उत्तर दिलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, म्हणजे अवघड येतायत तर घाबरायचं नाही. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही हे आधीपासून अंगवळणी पाडायला सांगा. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय

नाईट_ड्युटी: औषधांची नावं!! आपलं पॅरासिटामॉल तिथे अ‍ॅसिटामिनोफेन, अ‍ॅड्रेनलिन म्हणजे एपिनेफ्रिन, सालब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल. ओट्यासमोरच्या टाइल्सवर कागद चिकटवला होता, फोडणीचं तेल उडून पिवळा झाला तरी काढला नाही.

सुदामानगर: दोन प्रकारचं इन्सुलिन एका सिरिंजमध्ये घेताना आधी पारदर्शक, मग गढूळ. पोटॅशियम शिरेत थेट कधीच नाही. झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे.

मीनल_ह्यूस्टन: मला सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. आपल्याकडे सिस्टर सगळंच करते. तिथे एलपीएनकडे (म्हणजे प्रॅक्टिकल नर्सकडे) तब्येत स्थिर असलेले पेशंट. नव्याने भरती झालेल्याची पहिली तपासणी आरएनची, म्हणजे रजिस्टर्ड नर्सची. म्हणजे कधीकधी "आरएनला कळवा" हेच बरोबर उत्तर. पण समोर काही बिघडतंय आणि तुमच्या हातात काहीतरी आहे, तर आधी ते करा, मग कळवा. पेशंटला धाप लागलीय तर आधी उठवून बसवा. वॉर्डात काम केलेल्या मुलीला हे आतून कळतं, आत्या, तुमच्या भाचीला तुम्ही रोज एक केस सांगा. पुस्तकापेक्षा ते कामी येईल, मनापासून सांगते.

सिस्टर_आत्या: मीनल, किती छान लिहिलंस गं. आजपासूनच सांगते.

गोखले_वहिनी: नावाचं बघा हो आधी!! माझ्या नणंदेच्या पासपोर्टवर सासरचं नाव, परीक्षेच्या पत्रावर माहेरचं. सेंटरवरून परत पाठवलं. इंदूरहून मुंबईला रात्रभर अवंतिका एक्सप्रेसने गेली होती बिचारी. दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखं हवं.

रामबागची_लेक: अरे देवा. नवऱ्याचं नाव मधे घालायची आपली पद्धत, तिथे हमखास घोळ होतो

नाईट_ड्युटी: अवंतिकेचं तिकीट मिळतं तरी का आता? दिवाळीचं वेटिंग दाखवतंय

एका_नर्सचा_नवरा: बायको सध्या अभ्यास करतेय. पोळ्या मी करतो, पोरगी रात्री माझ्याजवळ झोपते. मागच्या खेपेला थोडक्यात राहिलं, ४५ दिवस थांबून पुन्हा देता येते म्हणाले. तेवढे दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. आता प्रश्न मोठ्याने वाचते, मी पर्याय वाचतो, चुकलं तर का चुकलं ते ती मला समजावते. मी बँकेत आहे, पण डिजॉक्सिन (हृदयाचं औषध) द्यायच्या आधी पूर्ण मिनिटभर नाडी मोजायची, ६० च्या खाली असली तर थांबायचं, हे मलाही पाठ झालंय.

मीनल_ह्यूस्टन: दादा, होणार तिचं. नक्की. समजावून सांगता येतंय म्हणजे अभ्यास झालाय.

गोखले_वहिनी: पोळ्या गोल होतात का पण? 😄

एका_नर्सचा_नवरा: हो वहिनी, फुगतातही

सुदामानगर: आत्या, डॅलसला कुणी जाणारं असेल तर सांगा, माझ्या भावाला लवंगेची शेव पाठवायचीय. अर्धा किलोच आहे.