विश्वास देवाचे दान असेल, तर आज्ञापालन कोणाचे?

प्रश्न: बायबलच्या नव्या करारात फिलिप्पै शहरातील ख्रिस्ती लोकांना, म्हणजे फिलिप्पैकरांस, लिहिताना प्रेषित पौल 'भीत व कापत आपले तारण (पापातून सुटका) साधून घ्या' असे सांगतो आणि लगेच इच्छा व कृती दोन्ही देवच घडवतो असेही म्हणतो. मग आज्ञापालनात माझे असे काय उरते?

प्रतिसाद १: त्याच फिलिप्पैतील लुदिया पाहावी. थुवतीराची, जांभळी वस्त्रे विकणारी ही बाई नदीकाठी पौलाचे बोलणे ऐकत होती. प्रभूने तिचे अंतःकरण उघडले म्हणून तिने लक्ष दिले, बाप्तिस्मा घेतला आणि प्रेषितांना आग्रहाने घरी उतरवून घेतले. तो आग्रह पूर्णपणे तिचाच होता; कृपेने तिची इच्छा दडपली नाही, जागी केली.

प्रतिसाद २: सहमत आहे. इ.स. ५२९ मधील ऑरेंजच्या (आजच्या फ्रान्समधील) ख्रिस्ती धर्मसभेनेही विश्वासाचा आरंभच कृपेने होतो, असे स्पष्ट मांडले.

प्रश्नकर्ता: मग विश्वास न ठेवणाऱ्या माझ्या भावासाठी प्रार्थना करण्यात अर्थ आहे का?

प्रतिसाद १: अवश्य आहे. मंडळी (चर्च) अविश्वासणाऱ्यांसाठी प्रार्थना करते, त्याअर्थी विश्वास देणारा देवच आहे, असे प्राचीन ख्रिस्ती धर्मशिक्षक ऑगस्टीन म्हणत असे. अंतःकरण उघडणे भावाच्याच हाती असते, तर आपण देवाजवळ नेमके काय मागितले असते?