मदत हवी आहे: मामंजींच्या जुन्या धोतरांवर टाय-डाय करायचंय, पण ट्रायलच्या कापडाचाच रंग निघून गेला

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली. ह्या वर्षी गणपतीच्या मागं विकतचा चमकीचा पडदा नको असं घरात ठरलंय, कारण सासूबाईंनी ट्रंकेतून मामंजींची दोन धोतरं काढून माझ्या हातात दिली. मामंजी जाऊन ३ वर्षं झाली, गणपती आणायला दरवर्षी तेच जायचे. सासूबाई म्हणाल्या, ट्रंकेत कुजण्यापेक्षा देवाच्या मागं लागू दे. तर त्यावर निळं टाय-डाय करून पडदा करायचाय. कापायचा नाही, अख्खी धोतरंच शेजारी शेजारी सोडायची.

पण धोतर एकदा बिघडलं तर दुसरं आणायचं कुठनं, म्हणून आधी ट्रायल केली आणि ती पार फसली. बेळगावात खडे बाजारातनं ३ मीटर मांजरपाट आणि चार पांढरे तयार अभ्रे आणलेले. रंग सुट्टा पावडरचा, 'कोल्ड ब्रँड रिॲक्टिव्ह' म्हणून दिलेला. सकाळी घाई होते म्हणून आदल्या रात्रीच बादलीत रंग आणि सोडा दोन्ही कालवून ठेवलं, सकाळी कापडाला हरभरे घालून दोऱ्यानं गाठी बांधल्या, रंगात दोन तास बुडवलं आणि धुतलं तर सगळा निळा मोरीतनं वाहून गेला, कापडावर नुसती आकाशी झाक राहिली आणि गाठीखाली जिथं पांढरं राहायला पाहिजे तिथंही तीच झाक. अभ्रे तर त्याहून फिके, आणि गंमत म्हणजे त्यांची शिलाई पांढरीच्या पांढरीच.

गणपतीला अजून तीन आठवडे आहेत. पाऊस थांबायचं नाव नाही. कुणी केलंय का घरी? प्लीज सांगा, धोतरांना हात लावायची भीती वाटायलीय.

निपाणीहून:
ताई, रंग पक्का करायला शेवटी व्हिनेगर किंवा तुरटीच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. आमच्या आई नवी साडी मिठाच्या पाण्यात घालायच्या तसंच.

वडगाव, बेळगावहून:
व्हिनेगर घालू नका ओ ताई, प्लीज. आमच्या घरी माग होते, सूत आणि रंग बघतच मोठी झाले. व्हिनेगर लोकरीला आणि रेशमाला लागणाऱ्या ॲसिड रंगांत चालतं, आणि तुरटी मंजिष्ठासारख्या झाडपाल्याच्या रंगांना लागते. तुमचा रंग रिॲक्टिव्ह आहे, तो सुती धाग्याला धरतो तो अल्कलीत, म्हणजे सोड्यात. त्यात आंबट घातलं तर सोडा मरतो, मग रंग धरणार कसा. मिठानं रंग धाग्याकडं ओढला जातो हे खरं, पण नुसत्या मिठानं पक्का होत नाही.

आता मला एक सांगा, सोडा कुठला घातलात? भज्यात घालतात तो की कपडे धुवायचा?

आणि अभ्र्यांची शिलाई पांढरी राहिली कारण तो दोरा पॉलिस्टरचा, रिॲक्टिव्ह रंग पॉलिस्टरला धरतच नाही. अभ्रे जास्त फिके म्हणजे ते पण टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर आणि सूत मिसळलेलं कापड असणार. एक धागा काढून जाळून बघा. सुती असेल तर कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून काळा कडक मणी होतो.

मी:
अहो, आत्ता डबा बघितला. गावातल्या दुकानात 'सोडा द्या' एवढंच म्हटलेलं, त्यांनी खायचा दिला. धागा पण जाळला, मणी झाला. मांजरपाटाचा मात्र कागदासारखा जळाला.

वडगाव, बेळगावहून:
मग सापडलं की. खायचा सोडा फारच सौम्य, त्यानं हे काम होत नाही. धुण्याचा सोडा घ्या, सोडा ॲश म्हणून पावडर मिळते ती. स्फटिकासारखे खडे मिळाले तर त्यात पाणी धरलेलं असतं, ते अडीच-तीन पट घ्यावे लागतात.

दुसरी चूक रात्री कालवून ठेवण्याची. हा रंग सोड्यात पडला की लगेच कामाला लागतो, कापड मिळालं नाही तर पाण्याशीच क्रिया करून बसतो. दिसायला बादली निळीभोर, पण काही तासांत त्यातला धरायचा जोर संपलेला. म्हणून सोडा कापडात घ्या आणि रंग वेगळा ठेवा. लिटरभर पाण्याला साधारण ५० ग्रॅम सोडा ॲश, त्यात कापड २० मिनिटं भिजवून घट्ट पिळायचं, मग गाठी बांधायच्या. रंग पाव लिटर पाण्यात दोन चमचे, गडद पाहिजे तर तीन, आणि तो ऐन वेळी कालवून बाटलीनं ओतायचा. गाठ हातानं नुसती आवळू नका, पक्क्या दोऱ्याचे जवळजवळ आठ-दहा वेढे द्या, सैल गाठीतनंच रंग आत शिरतो.

तिसरी गोष्ट खळ. कोऱ्या मांजरपाटाला मागावरची खळ असते, ती रंगाला आत जाऊ देत नाही. धोतरांना पण खळ घालून इस्त्री केलेली असेल तर तेच. धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून अर्धा तास उकळा, पण स्टीलच्या भांड्यात. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं सोडा खाऊन टाकतो. उकळायचं भांडं परत स्वैपाकाला घेऊ नका. हातात ग्लोव्हज पाहिजेतच, आणि पावडर कालवताना तोंडाला रुमाल बांधा, ती नाकात गेलेली चांगली नाही.

गोकाकहून:
पाणी कुठलं वापरता? आमच्याकडं बोअरचं पाणी इतकं जड की रंग डागाडागानं बसतो. तुमच्याकडं एवढा पाऊस आहे तर पागोळ्यांचं पाणी धरा की, त्यासारखं हलकं पाणी नाही. पहिलं पाणी सोडून द्यायचं, कौलांवरची घाण असते, नंतरचं गाळून घ्यायचं. आणखी एक, टाय-डायमध्ये कापड ओलं राहावं म्हणून युरिया घालतात असं ऐकून शेताचं खत वापरायला जाऊ नका, आपल्याकडचा युरिया निमाचं तेल लावलेला असतो, त्याचे डाग पडले तर काय घ्या. त्यापेक्षा रंग ओतून झाला की प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळा.

वडगाव, बेळगावहून:
बरोबर. गुंडाळून दिवसभर तरी ठेवा, दोन तासांत काही होत नाही. आणि गारठ्यात हा रंग सुस्तावतो. तुमच्याकडं न्हाणीला बंब असेल ना? त्याच्या जवळ ठेवा, अगदी चिकटून नको. धुताना आधी गार वाहत्या पाण्यात गाठीसकट, पाणी बऱ्यापैकी नितळ आल्यावर गाठी सोडायच्या आणि मग गरम पाणी आणि साबण. सुरुवातीलाच गाठी सोडल्या की निघालेला जास्तीचा रंग पांढऱ्यावर बसतो.

काठ रंगीत आहेत का? असतील तर काठाची घडी करून वर प्लॅस्टिक लावून दोऱ्यानं गच्च बांधा.

मी:
सगळं तसंच केलं. मांजरपाटाचा दीड मीटर उकळला तर पाणी पिवळसर गढूळ आलं, एवढी खळ असते हे माहीतच नव्हतं. पागोळ्यांचं पाणी दोन घागरी धरलं. रंग ओतून बंबाजवळ २४ तास. गाठी सोडल्या तेव्हा सासूबाई शेजारीच पाटावर बसून होत्या. गडद निळं झालंय आणि हरभऱ्यांचे ठिपके पांढरेशुभ्र! साबणाच्या तिसऱ्या पाण्यात रंग यायचा थांबला. एवढी खुशी झाली की काय सांगू.

मग धीर करून पहिलं धोतर घेतलं. तांबड्या काठाला प्लॅस्टिक बांधलं, मधल्या भागाला तिरकी गुंडाळी करून लहरियासारखे, म्हणजे तिरपे पट्टे उठतील असे आडवे बंध दिले, मोठ्या कापडाला प्रत्येक हरभरा बांधत बसणं जमलं नसतं. आज दुपारी सोडलं. काठ वाचला, एका टोकाला बोटभर निळा शिरलाय फक्त.

आता एकच विचारायचंय. धोतराच्या मधोमध वितभर रफू आहे. मामंजी एकदा कुंपणाच्या तारेत अडकले होते, तेव्हा सासूबाईंनी हातानं घातलेला. तो दोरा पॉलिस्टरचा निघाला, त्यामुळं सगळं धोतर निळं आणि ती शिवण तेवढी पांढरी उठून दिसतेय. त्यावर फॅब्रिक पेंट लावला तर पडदा धुतल्यावर टिकेल का?

वडगाव, बेळगावहून:
फॅब्रिक पेंट टिकतो, वाळल्यावर उलट्या बाजूनं इस्त्री केली की बसतो. पण आधी सासूबाईंना विचारा.

मी:
विचारलं. त्यांनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाल्या, राहू दे, माझीच शिलाई आहे ती, गणपतीच्या उजव्या अंगाला येईल असं लाव. दुसरं धोतर उद्या भिजत घालते, त्याला पण दोन ठिकाणी रफू आहे.