मदत हवी आहे: सीआरपी लाल, कोलेस्टेरॉल 'नॉर्मल', मग धोका नेमका किती?

मोठ्या भावाचे (वय 44) रिपोर्ट कालपासून फॅमिली ग्रुपवर फिरतायत. प्रत्येक जण वेगळंच सांगतोय, म्हणून इथे विचारते.

ऑफिसतर्फे हेल्थ चेकअपचं पॅकेज होतं. एकूण कोलेस्टेरॉल 194, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 118, एचडीएल (चांगलं) 38, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) 190. हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी (रक्तातलं एक प्रथिन) 6.8, लाल ठशात, बाजूला 'हाय रिस्क'. शेवटच्या पानावर लायपोप्रोटीन-ए 72 मिलिग्रॅम. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही. साखर ठीक, बीपी काठावर, सिगरेट नाही. बाबांची बायपास 51व्या वर्षी झाली होती.

लाल आकडा बघून वहिनीची झोप उडालीय. त्यात लॅबमधून फोन: "सीटी अँजिओ (हृदयाच्या धमन्यांचा स्कॅन) करून घ्या, ऑफर चालू आहे." दादाचं म्हणणं, टोटल दोनशेच्या आत आहे ना, मग गणपतीनंतर बघू. (आमच्याकडे सगळंच गणपतीनंतर असतं.) राहतो काळाचौकीला, परळची मोठी हॉस्पिटलं हाकेच्या अंतरावर, तरी हलणार नाही.

सीआरपी एवढा म्हणजे ब्लॉकेज असेलच का? सीटी अँजिओ लगेच करावी का?

पॅथवाली: तपासणीच्या आधी ताप, खोकला, दाढदुखी असं काही? सीआरपी यकृतात तयार होतं आणि अंगात कुठेही सूज किंवा संसर्ग असला की वाढतं. सूज हृदयाच्या धमनीत आहे की हिरडीत, ते आकडा सांगत नाही. 1 च्या खाली कमी, 1 ते 3 मध्यम, 3 च्या वर जास्त, हे निकष माणूस ठणठणीत असतानाचे. 10 च्या वर गेला तर हृदयाच्या हिशेबात धरतच नाहीत, आधी संसर्ग शोधतात.

धागाकर्ती: अगं, चिकुनगुन्या झाला होता त्याला, पावसाच्या सुरुवातीला! ताप गेला, पण सकाळी बोटं अजून वळत नाहीत. शर्टाची बटणं वहिनी लावून देते. त्याने वाढेल?

पॅथवाली: वाढणारच. सांधे शांत झाले की पुन्हा करा, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा. आत्ताचा आकडा चिकुनगुन्याचा की हृदयाचा, कुणीच सांगू शकणार नाही.

लसूणप्रेमी: रोज उपाशीपोटी दोन पाकळ्या लसूण आणि जवसाची चटणी. माझे सासरे 80 वर्षांचे आहेत.

परळचा डॉक्टर: लसूण आमटीत छान लागतो, तिथेच राहू द्या.

ताई, सगळे लाल आकड्याकडे बघतायत, मला काळजी शेवटच्या पानाची वाटते. लायपोप्रोटीन-ए म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा, एलडीएलसारखाच एक कण; 50 मिलिग्रॅमच्या वर म्हणजे वाढलेलं. ते बहुतांशी अनुवंशिक असतं. पथ्याने, चालण्याने फारसं हलत नाही आणि आयुष्यभर साधारण तेवढंच राहतं. त्यात वडिलांची बायपास 51व्या वर्षी. 2024 मध्ये कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने ही तपासणी प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी करावी असं सांगितलं, ते उगाच नाही.

दादांच्या 'दोनशेच्या आत'बद्दल: 194 मधून एचडीएलचे 38 वजा करा, उरले 156. हे नॉन-एचडीएल, म्हणजे धमनीत साचू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल. ते 130 च्या आत हवं. एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड्स जास्त, ही आपल्याकडची नेहमीची जोडी. त्यात टोटल फसवं दिसतं.

लायपोप्रोटीन-ए साठी सध्या बाजारात खास गोळी नाही. म्हणून एलडीएल आणखी खाली आणतात, बहुधा स्टॅटिनने (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीने), आणि बीपी चोख ठेवतात. लक्ष्य किती ते तपासणारा डॉक्टर ठरवेल. छातीत दुखत नसेल तर सीटी अँजिओ फोनवरच्या ऑफरने ठरवायची गोष्ट नाही. मात्र चालताना छाती भरून आली, धाप लागली तर गणपतीचीही वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टी गाठा.

मुलुंडकर: म्हणजे सीआरपी निव्वळ फुकट?

परळचा डॉक्टर: नाही हो. 2008 च्या ज्युपिटर नावाच्या औषध-चाचणीत एलडीएल 130 च्या आत पण सीआरपी 2 किंवा जास्त अशी 17,802 माणसं घेतली. रोसुवास्टॅटिनने त्यांच्यातले हार्ट अटॅक, पक्षाघात वगैरे 44 टक्क्यांनी कमी झाले. पण ती माणसं चिकुनगुन्यातून उठलेली नव्हती. ताई, तुमची स्वतःची तपासणी झालीय का? वडील एकच आहेत म्हणून विचारतो.

धागाकर्ती: नाही झालेली. दादाला शनिवारी ओढून नेते, माझंही रक्त देते. उपाशी जावं लागेल का?

पॅथवाली: लायपोप्रोटीन-ए ला नाही, चहा पिऊन जा. काउंटरवर 'लायपोप्रोटीन स्मॉल ए' म्हणून सांग आणि पावती वाचून घे. नाहीतर एपो-ए-वन लिहून मोकळे होतात, ती वेगळी टेस्ट.