मदत हवी आहे: ओव्हन लागले की विमान बॅटरी जीपीयूचा पुरवठा सोडतं

नमस्कार मंडळी. डिझेलच्या जागी ९० केव्हीएचा बॅटरी जीपीयू (जमिनीवर उभ्या विमानाला वीज देणारं युनिट) आणलाय, ११५/२०० व्होल्ट, ४०० हर्ट्झ. विमान पुरवठा लगेच घेतं, पण गॅलीचे (विमानातल्या स्वयंपाकघराचे) ओव्हन लागले की काही सेकंदांत कॉन्टॅक्टर (पुरवठा जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) सुटतो. मग वैमानिक नाइलाजाने एपीयू (विमानातलंच वीज देणारं छोटं इंजिन) लावतात. जो धूर आणि आवाज टाळण्यासाठी एवढा खटाटोप केला, तोच परत!

फेजचा क्रम बरोबर आहे, बॅटरी ७० टक्क्यांवर. युनिटच्या टर्मिनलवर लोड असतानाही ११५ व्होल्ट पक्के, पण तेव्हाच प्लगच्या टोकाला १०४. केबल ३० मीटर, सुट्ट्या सिंगल कोरची, दर दीड मीटरवर पट्टा. मधे कोर फाकलेले दिसतात. ४०० हर्ट्झला केबलचा रिअॅक्टन्स (एसी करंटला होणारा विरोध) ५० हर्ट्झच्या आठपट, त्यामुळे संशय तिथेच आहे.

लाइन ड्रॉप कॉम्पेन्सेशन (केबलमध्ये पडणारं व्होल्टेज भरून काढायला युनिटने लोडनुसार व्होल्टेज वाढवणं) सध्या बंद आहे. ते किती ठेवावं? जास्त ठेवलं तर ओव्हन बंद होताच व्होल्टेज उसळून ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होईल, ही भीती. की सरळ सात कोरची सिमेट्रिकल केबलच घ्यावी?

आणखी एक: प्लगमधलं एफ पिनचं सॉकेट काळवंडलंय, पिनवर पकड सैल वाटते. इंटरलॉकचा (प्लग नीट बसल्याची खूण देणारा) २८ व्होल्टचा सिग्नल ई आणि एफ या छोट्या पिनमधूनच जातो, म्हणून प्लगचं नाक बदलणार आहेच. पण व्होल्टेज पडल्यामुळे ट्रिप झालं की इंटरलॉक तुटल्यामुळे, हे वेगळं कसं ओळखायचं? लॉगमध्ये नेमकं काय बघता?