मदत हवी आहे: डेबियन 13 टाकताना /बूट पार्टिशन भरतंय

रात्रपाळी:
डेबियन 13 (लिनक्स) टाकतोय. शेवटाकडे इनिटआरडी (मशीन सुरू होताना आधी लोड होणारी फाइल) बनवताना अडकतं, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. डिस्क 512 जीबीची, अर्धी रिकामी! लॅपटॉप सोमवारी कामाला हवाय. फर्मवेअरमुळेच (हार्डवेअरला लागणाऱ्या फाइली) भरत असावं. ते घेऊच नको असं इन्स्टॉलरला कसं सांगायचं?

जुनंखोड:
वायफायच्या फर्मवेअरने मलाही छळलं होतं. फाइली दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या, इन्स्टॉलर मागेल तेव्हा तो लावा.

कोकणकडा:
ते डेबियन 11 पर्यंत. 2022 मध्ये डेबियनवाल्यांचं मतदान झालं, 12 पासून फर्मवेअर अधिकृत आयएसओतच (इन्स्टॉलरच्या फाइलीतच) येतं. आणि त्यांना फर्मवेअर नकोय.
रात्रपाळी, /बूट वेगळं आहे का? केवढं? ग्राफिक्स कोणतं?

रात्रपाळी:
वेगळं, 243 एमबी, जुन्या इन्स्टॉलचंच. एनव्हिडिया आरटीएक्स 3050. ग्राफिक्सचा इथे काय संबंध? रूट (सिस्टिमचं मुख्य पार्टिशन) एन्क्रिप्टेड आहे, एवढंच वेगळं.

कोकणकडा:
मग कोडं सुटलं. पासवर्ड विचारायला पडदा लवकर लागतो, म्हणून ग्राफिक्स ड्रायव्हर इनिटआरडीत जातो. ट्युरिंग पिढीपासूनच्या एनव्हिडिया कार्डांसाठी जीएसपीच्या (कार्डातल्या प्रोसेसरच्या) भल्यामोठ्या फर्मवेअर फाइली असतात. नूवो हा लिनक्सचा एनव्हिडिया ड्रायव्हर फक्त तुमच्या कार्डाची फाइल नेत नाही, त्याच्या यादीतल्या सगळ्या पिढ्यांच्या नेतो. आणि इनिटआरडी राहते /बूटमध्ये, बाकी डिस्क रिकामी असून उपयोग नाही. जुन्यावरून 13 वर येणाऱ्यांना डेबियननेच सांगितलंय: /बूट किमान 768 एमबी, त्यात 300 मोकळे.

टर्मिनलप्रेमी:
पार्टिशनला हात कशाला लावायचा? एक्स्पर्ट मोडमध्ये इन्स्टॉल करा. इनिटआरडीत कोणते ड्रायव्हर हवेत असं विचारतो, तिथे 'टार्गेटेड' (फक्त याच मशीनला लागणारे) निवडा. माझी सगळी मशीनं अशीच आहेत.

कोकणकडा:
तुमच्याकडे इंटेल ग्राफिक्स असेल. इथे नूवो लोड झालेला असणार, टार्गेटेडमध्येही तो येणारच.

टर्मिनलप्रेमी:
मग नूवो ब्लॅकलिस्ट करा, म्हणजे लोडच होणार नाही.

कोकणकडा:
आणि मग बाहेरचा मॉनिटर कसा चालेल? बऱ्याच लॅपटॉपांत एचडीएमआय एनव्हिडियालाच जोडलेलं असतं.

मिंटवाली:
मिंट (दुसरं लिनक्स) टाका ना सरळ. आईच्या लॅपटॉपवर टाकलंय, तिची काही तक्रार नाही.

रात्रपाळी:
ऑफिसमध्ये डेबियनच लागतं, ताई. मॉनिटरही लागतो.

कोकणकडा:
/बूटच्या शेजारी काय आहे ते सांगा.

रात्रपाळी:
ईएफआय (बूटचं छोटं पार्टिशन), /बूट, 8 जीबी जुनं स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा), एन्क्रिप्टेड रूट, शेवटी /होम (माझ्या फाइली). स्वॅप चालू असताना इन्स्टॉलर एन्क्रिप्शन करू देईना, म्हणून ते बंद ठेवलंय. /होमला हात लावायचा नाही.

कोकणकडा:
मग जागा हातातच आहे. /होमचा बॅकअप घ्या. /बूट आणि स्वॅप दोन्ही डिलीट करा, त्या जागेत 2 जीबीचं नवं /बूट करा, फाइलसिस्टम एक्स्ट4. स्वॅप लागलं तर नंतर रूटमध्ये स्वॅप फाइल बनवा, म्हणजे तीही एन्क्रिप्शनच्या आत राहील.

जुनंखोड:
पूर्वी फर्मवेअर लिनक्स कर्नलच्या सोर्समध्येच असायचं, कर्नल 4.14 मध्ये काढलं. तेव्हा हे प्रश्न नव्हते.

टर्मिनलप्रेमी:
तेव्हा जीएसपीही नव्हतं.

रात्रपाळी:
झालं! ग्रबही (बूटलोडर) बसलं, मॉनिटर चालतोय. कोकणकडा, मनापासून आभार. आता वायफाय दिसत नाहीये, इथेच विचारू की नवा धागा काढू?