राजभवन बघायला जावं का? (परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या ईमेल-यादीवरचा पत्रव्यवहार)

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात मुलांना घेऊन मुंबईला जातेय. गेटवे, म्युझियम, राणीची बाग मागच्या खेपेला झालं. मलबार हिलचं राजभवन आता आत जाऊन बघता येतं म्हणे. कोणी गेलंय का? धाकटी सातवीत आहे, तिला कुठेही न्या, खूश असते. थोरल्याला मात्र इतिहास म्हटलं की जांभया येतात. सोबत सासूबाई असतील, त्यांचे गुडघे कुरकुरतात. अख्खी सकाळ घालवण्यासारखं काही आहे का तिथे?

– डोंबिवलीकर

---

सरकारी बंगल्यात काय बघायचं? झुंबरं, गालिचे आणि भिंतीवर फोटो. त्यापेक्षा सकाळी दादरला जा, मिसळ खा, पोरं दुवा देतील.

– खवय्या

---

अगं, तू जा. खवय्यांचं ऐकू नकोस, मिसळ दुपारीही मिळते.

निवृत्त होऊन गिरगावात परत आल्यापासून पाहुण्यांना तिथे नेणं हे माझं कामच होऊन बसलंय. एक आधीच सांगतो, म्हैसूरसारखा राजवाडा डोळ्यांपुढे आणू नका. एकच भव्य इमारत अशी नाहीच तिथे. मलबार पॉइंटच्या टोकाला, तिन्ही बाजूंनी समुद्र, सुमारे ५० एकर झाडी आणि त्यात विखुरलेले बंगले: जलभूषण, जलविहार, जलचिंतन अशी नावं. राज्यपाल राहतात तो जलभूषण. जुना मोडकळीला आला म्हणून पाडून पुन्हा बांधला, जुन्याची धाटणी राखून. २०२२ साली त्याचं उद्घाटन झालं. दरबार हॉलही नवाच आहे. तो चकचकीत आहे, पण मी पाहुण्यांना तिथे फार रेंगाळू देत नाही.

थोरल्याला सरळ बंकरमध्ये घेऊन जा. इंग्रजांनी दारूगोळा ठेवायला खणलेलं हे भुयार पुढे बंद झालं आणि विस्मरणात गेलं. २०१६ साली भिंत फोडली तेव्हा आत १३ खोल्या निघाल्या. ‘शेल स्टोअर’, ‘कार्ट्रिज स्टोअर’ अशी खोल्यांची इंग्रजी नावं शाबूत होती. पाण्याच्या निचऱ्याची आणि वारा-उजेड आत यायची सोय केलेली आहे, ती मुलांना शोधायला लाव. जांभया बंद होतील.

आता तिथे ‘क्रांतिगाथा’ नावाचं दालन आहे. वासुदेव बळवंत फडके, चापेकर बंधू, सावरकर बंधू, मादाम कामा, १९४६चं नाविकांचं बंड. आणि वासुदेव बळवंत गोगटे. गोगट्यांपाशी जरा थांबा. १९३१ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी हंगामी राज्यपाल हॉटसनवर गोळ्या झाडल्या. साहेब वाचला. आज गोगट्यांची आठवण राज्यपालांच्याच आवारात, त्यांच्या जमिनीखाली जपलेली आहे. मला ही गोष्ट भारी वाटते.

त्यात आणखी एक गंमत. ते कॉलेज ज्याच्या नावाचं, तो सर जेम्स फर्ग्युसन मुंबईचा गव्हर्नर असताना गव्हर्नरचा मुक्काम परळला होता. १८८२ साली त्याची बायको तिथे पटकीनं (कॉलऱ्यानं) गेली. त्यानंतर परळवरचं मन उडालं आणि १८८५ पासून मलबार पॉइंटचा बंगला कायमचा झाला. तोवर तो हवा खायला जायचा बंगला होता. थोडक्यात, हा सगळा थाट पटकीच्या भीतीनं समुद्रकाठी आलाय.

– गिरगावकर काका

---

काका, छान लिहिलंत, पण सासूबाईंचं राहिलं की! माझ्या आईला नेलं होतं. चढ-उतार आहे आणि बरंच चालावं लागतं. बंकरमध्ये तिला दमट वाटलं, पाच मिनिटांत बाहेर येऊन हिरवळीवर मोर बघत बसली. तीच तिची सहल. परत आल्यावर घरात सगळ्यांना मोरांबद्दलच सांगत होती.

आधी संकेतस्थळावर नाव नोंदवावं लागतं, गेटवर जाऊन तिकीट काढू असं चालत नाही. सगळ्यांची ओळखपत्रं लागतात. मुलांचे पासपोर्ट परदेशी असतील तर काय चालतं ते आधीच ईमेल करून विचार. फोन आणि फोटोचे नियमही तेव्हाच विचारून घे. कोणी बडे पाहुणे येणार असतील तर भेटी रद्द होतात, तेव्हा विमानाच्या आदल्या दिवशी ठेवू नकोस.

– ठाण्याची मावशी

---

मावशी, खूप आभार. सासूबाईंना मोर नक्की आवडतील. काका, परळचा तो बंगला अजून आहे का? आणि टॅक्सीवाल्याला काय सांगायचं? नाव बदललंय ना?

– डोंबिवलीकर

---

बंगला आहे आणि चांगला कामात आहे. १८९९ साली हाफकिन यांची प्लेगवरची प्रयोगशाळा तिथे गेली, तीच आजची हाफकिन संस्था. पटकीनं गव्हर्नर बाहेर गेला आणि पटकी-प्लेगवर लस काढणारा माणूस आत आला. आत जायचं तर संस्थेची परवानगी आधी काढावी लागेल.

अधिकृत नाव आता लोकभवन. पण टॅक्सीवाल्याला ‘वाळकेश्वर, तीनबत्ती’ सांग, तो बरोबर आणून सोडेल. बाहेर पडलात की खाली बाणगंगा जवळच आहे. सासूबाईंना पायऱ्या उतरायला लावू नकोस, वरूनच तलाव दिसतो. धाकटीला मात्र खाली ने, बदकं असतात. नाव नोंदवलंस की मला कळव. गुरुवार सोडून कधीही येईन, गुरुवारी माझा ब्रिजचा अड्डा असतो. खवय्यांनाही घेऊन ये, मिसळ त्यांच्याकडून.

– गिरगावकर काका