स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस : घाटात ब्रेक दमतात, डिस्क-पॅड कोणते घालू?

घाटवेडा_पुणे
नमस्कार मंडळी. गाडी २०१७ ची ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३०, ५८ हजार किमी, ब्रेकचं सगळं अजून कंपनीचंच. गेल्या महिन्यात महाबळेश्वरहून आंबेनळीने पोलादपूरला उतरत होतो. चौघं, डिकी भरलेली. निम्म्या घाटात जळका वास सुटला आणि ब्रेक खाली जायला लागला. बायकोने दारावरचं हँडल धरलं ते पोलादपूर येईपर्यंत सोडलं नाही. खाली अर्धा तास थांबलो, चहा झाला, गाडी पुन्हा ठणठणीत!
गॅरेजवाला म्हणतो, भोकांच्या डिस्क (चाकासोबत फिरणारी तबकडी) आणि मोठे लाल कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) टाका, विषय संपला. बजेट ५० हजार. रोजचं हिंजवडी, महिन्याला एखादा घाट, आणि हिवाळ्यात एक दिवस कोइंबतूरच्या करी रेसिंग ट्रॅकवर न्यायची हौस आहे. काय घेऊ?

जुना_क्लच
आधी एक सांगा. पेडल स्पंजी होऊन खाली गेलं, की टणकच राहिलं आणि गाडी मात्र थांबेना? दोन्ही दुखणी वेगळी. टणक पेडल आणि पकड नाही, म्हणजे पॅड तापून निसटतायत. स्पंजी पेडल म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं, त्यात वाफेचे बुडबुडे झाले. तुम्ही दाबताय ती वाफ. ऑइल शेवटचं कधी बदललंय?

घाटवेडा_पुणे
स्पंजी. पार तळाला टेकतोय असं वाटलं. आत्ता सर्व्हिस बुक काढून बघितलं... ऑइलची नोंद २०२० ची आहे. त्यानंतरची सापडत नाही.

जुना_क्लच
सापडला चोर. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) चा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकाला १५५ देखील चालतो. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. त्या ऑइलवर तुम्ही हजाराच्या डिस्क घाला नाहीतर लाखाच्या, पेडल खालीच जाणार.
आणि आंबेनळीचा हिशोब करून बघा. गाडी, माणसं, सामान मिळून १८०० किलो धरा, उतार साधारण १३०० मीटरचा. म्हणजे २३ मेगाज्यूल. तीच गाडी १०० च्या वेगावरून एकदा पूर्ण थांबवायला ०.७ मेगाज्यूलच्या आसपास लागतात. थोडक्यात, ३३ वेळा शंभरावरून शून्य! यातला बराच वाटा इंजिनाने उचलायला हवा. डीएसजी (आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स) होती ना ‘डी’ मध्ये?

घाटवेडा_पुणे
होती. 🙈

जुना_क्लच
ती मायलेजसाठी वरचा गिअर शोधत बसते. घाटात मॅन्युअलला घ्या, दुसरा-तिसरा ठेवा. ब्रेक हलका धरून ठेवायचा नाही. वळणाआधी जोरात दाबायचा आणि सोडून द्यायचा, म्हणजे मध्ये डिस्कला वारा मिळतो.

शिरोली_फाउंड्री
कोल्हापूरकर, बीड ओतणं हाच धंदा, म्हणून डिस्कबद्दल बोलतो. डिस्क म्हणजे ग्रे आयर्न, आपलं बीडच. त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता पटकन पसरते आणि थरथर जिरते. ‘हाय कार्बन’ लिहिलेली साधी व्हेंटिलेटेड (मधून वारा जाणारी) डिस्क घ्या, कंपनीच्याच मापाची. भोकांचा नाद सोडा भावा. तापणं-गार होणं चाललं की तडा भोकाच्या काठावरूनच सुरू होतो. तिरक्या खाचांची डिस्क त्यातल्या त्यात बरी, पण पॅड लवकर खाते आणि आवाज करते.
मुळात आहे ती डिस्क मोजली का? किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. मायक्रोमीटरने मोजा, कडेची गंजाची धार सोडून. जाडी शिल्लक असेल आणि स्टिअरिंग थरथरत नसेल तर बदलताय कशाला?

नागमोडी_नाशिक
मोठ्या कॅलिपरबद्दल एवढंच : ब्रेक मारल्यावर एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागतंय ना? मग पकड टायरची संपलीय. मोठी डिस्क उष्णता जास्त झेलेल, पण एका ब्रेकात गाडी आधी थांबणार नाही. शिवाय रिमला घासतंय का ते बघा, इन्शुरन्सवाल्यांना सांगा. ट्रॅकवर दर महिन्याला जाणार असाल तर गोष्ट वेगळी.
पॅडमध्ये मी ईबीसी यलोस्टफ वापरतो. घाटात मस्त, पण रिम काळी होते, दर रविवारी धुवावी लागते. फेरोडो डीएस२५०० ट्रॅकला आणखी सरस. मात्र हिंजवडीच्या सिग्नलला कुईं-कुईं ऐकायची तयारी ठेवा. पॅडच्या कडेला दोन अक्षरं असतात, पहिलं थंड पकडीचं, दुसरं गरम. एफएफ म्हणजे दोन्हीकडे घर्षणांक ०.३५ ते ०.४५. रस्त्यासाठी तेवढं भरपूर.

जुना_क्लच
सहमत. माझी यादी : ताजं डॉट ४, पातळ, ईएसपीवाल्या (गाडी घसरू न देणारी यंत्रणा असलेल्या) गाड्यांचं. पुढे चांगले पॅड, मागे कंपनीचेच. डिस्क मोजल्यावर ठरवा. पॅड मागवताना डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यातल्या स्टिकरवरचा पीआर कोड (गाडीला कोणते भाग लावलेत ते सांगणारा) द्या. एकाच मॉडेलला ब्रेकची मापं वेगवेगळी असतात. डॉट ५ चुकूनही नको, ते सिलिकॉनचं. मागचे पॅड काढाल तेव्हा, हँडब्रेक लिव्हरचा असेल तर कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन नुसता दाबायचा नाही, फिरवत आत घालायचा. आमच्याकडे एकाने सी-क्लॅम्प (दाबायचा शिकंजा) लावून कॅलिपरच घालवला होता.

घाटवेडा_पुणे
अपडेट. जुनं ऑइल काढलं, कोऱ्या चहासारखं निघालं. डिस्कची जाडी शिल्लक आहे, त्याच ठेवल्या. पुढे यलोस्टफ घातले. गॅरेजवाला जरा नाराज. नवीन पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून पहाटे रिकाम्या रस्त्यावर ९० वरून २० असं दहा वेळा केलं, मध्ये कुठेही पूर्ण थांबलो नाही. ३१ हजार वाचले. पण पुन्हा वास येतोय हो!

नागमोडी_नाशिक
पेडल टणक आहे ना? मग नवीन पॅडचा आहे, एक-दोन दिवसांत जाईल. वाचलेल्या पैशातून टायर बघा.

घाटवेडा_पुणे
टणक आहे. टायरचा वेगळा धागा काढतो.